जुन्या ॲन्टेनाच्या पाईपवर डिश बसवू का?

पाटण तालुक्यातल्या एका गावातून एका भावांनी विचारलं आहे. घर जुनं, कौलारू, पुढच्या पडवीवर पत्रा. आढ्याजवळ वडिलांनी उभारलेला वीस फुटी जीआय पाईप आहे आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा जुना ॲन्टेना अजून तसाच उभा आहे. गेल्या वर्षी त्यांनी डीडी फ्री डिश घेतली. ती बसवणाऱ्याने पडवीच्या पत्र्यावर बसवून दिली. वारा सुटला की चित्राचे चौकोन होतात, पाऊस आला की चित्र जातं, आणि पाऊस उघडल्यावरही दोन-तीन तास येत नाही. आता त्यांचं म्हणणं असं की डिश त्या उंच पाईपवर चढवावी, म्हणजे सिग्नल वाढेल. शिवाय जुना ॲन्टेना काही उपयोगाचा आहे का, हेही त्यांना हवं आहे.

भाऊ, डिश त्या पाईपवर चढवू नका. उलट आहे त्याहून खाली आणा. मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पंचवीस वर्षांहून जास्त काळ ही कामं करतो आहे. आधी ॲन्टेना बसवले, मग डिश. ‘उंचावर लावली की चांगलं दिसतं’ ही समजूत मी घराघरांत ऐकतो. ती खोटी नव्हती, ॲन्टेनाच्या काळात ती शंभर टक्के खरी होती. पण डिशला ती लागू होत नाही, आणि तिच्यापायी लोक पत्रे फोडून घेतात, कौलं फोडून घेतात, कधी जीवही धोक्यात घालतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला दिसायला लागलं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा टॉवर सगळ्यांनी पाहिलेला आहे. ते प्रक्षेपण जमिनीवरून जमिनीवर यायचं. लहरी सरळ जाणार, मध्ये डोंगर आला की अडणार. आपल्याकडे तर घरटी एक डोंगर आडवा. त्यामुळे पाईप जितका उंच, तितकं समोरचं आडवं येणारं कमी. तुमच्या वडिलांनी वीस फूट पाईप उभारला तो पूर्ण विचार करून. पण ते ॲनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने २०२२ च्या मार्चपर्यंत मोजकी ठिकाणं सोडून देशभर बंद केलं. त्यामुळे तुमच्या ॲन्टेनाला पकडायला आता समोर काही उरलेलं नाही. काड्या कितीही पुसा, वायर नवी टाका, चित्र येणार नाही. त्यावर पैसे घालू नका.

डिशचं गणित वेगळं. फ्री डिशची वाहिनी येते ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर एका जागी थांबल्यासारखा असतो. आता मला सांगा, छत्तीस हजार किलोमीटरवरून येणाऱ्या गोष्टीला तुम्ही वीस फूट वर गेलात काय आणि अंगणात उभे राहिलात काय, काय फरक पडणार? डिशला हवं असतं ते आकाशाच्या एका ठरावीक जागेकडे मोकळं तोंड. ते अंगणातून मिळत असेल तर अंगणातली डिश आढ्यावरच्या डिशइतकंच स्वच्छ चित्र देते.

आता उंचीने तोटा काय होतो ते बघा. काड्यांच्या ॲन्टेनाची नजर रुंद असते, पाईप वाऱ्यात हलला तरी चित्रावर थोड्या मुंग्या यायच्या, बस. साठ सेंटीमीटरच्या डिशची नजर फक्त तीन अंशांच्या आसपास असते. मध्यापासून दीड अंश इकडेतिकडे झालं की ताकद निम्म्यावर येते. वीस फुटी पाईपचं टोक वाऱ्याने चार इंच झुकलं की वरच्या डिशचं तोंड जवळपास दीड अंश वळतं. आणि चार इंच म्हणजे काहीच नाही, तुमच्याकडच्या जून-जुलैच्या वाऱ्यात तो पाईप त्याहून जास्त झुकत असणार. त्यात डिश म्हणजे शीडच. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात साठ सेंटीमीटरच्या डिशवर पंधरा किलोच्या आसपास जोर येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. काड्यांमधून वारा निघून जायचा, डिशमधून जात नाही. वीस फुटांच्या टोकाला हा जोर लागला की खाली आढ्याशी, जिथे क्लॅम्प आहे तिथे, तो किती पटीने लागेल याची कल्पना करा. शेवटी पाईप वाकणार नाही, तुमचं आढं हलेल. वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या राहिल्या.

तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी मात्र तीन वेगळ्या कारणांच्या आहेत, आणि हे आधी उमजून घ्या. नाहीतर एकाचा उपाय दुसऱ्यावर होईल.

वाऱ्याने चौकोन पडतात, तर आधार ढिला आहे. हे पत्र्यावर होणारच. जोराच्या पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जातं, तर तो पावसाचाच परिणाम. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, त्यात बिघाड काही नाही. पण पाऊस उघडल्यावरही दोन-तीन तास येत नाही, याचा अर्थ कुठेतरी पाणी शिरलं आहे आणि ते सुकेपर्यंत चित्र येत नाही. शंभरातल्या बहुतेक वेळा ते एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोर दांडीवर बसवलेल्या छोट्या डबीच्या, जोडावर शिरलेलं असतं.

हा जोड उघडून बघा. सेट-टॉप बॉक्सचा प्लग आधी काढा, कारण त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. एलएनबीच्या बुडाशी केबलच्या टोकाचा एफ-कनेक्टर असतो, तो हाताने फिरवून काढा. चांगला असेल तर मधली तांब्याची तार गुलाबीसर चकचकीत दिसेल. पाणी गेलेलं असेल तर तिच्यावर हिरवट थर असतो, आजूबाजूची जाळी काळी पडलेली असते, आणि कनेक्टर उलटा करून बोटावर आपटला की कधीकधी खरोखर थेंब पडतो. मी असा थेंब पाडून दाखवला की घरच्यांना दुसरं काही समजवावं लागत नाही. यावर टेप गुंडाळून उपयोग नाही. केबलचा तो अर्धा-पाऊण फूट कापून टाका, कारण पाणी जाळीतून आत सरकलेलं असतं. आतली जाळी पुन्हा स्वच्छ दिसेपर्यंत कापा. नवा कनेक्टर लावा, शक्यतो दाबून बसवायचा, फिरवून बसवायचा नको. त्यावर रबरी टोपी, आणि टोपीवर आपल्याआपण चिकटून एकजीव होणारी रबरी टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे कौलांसारखी वरची घडी खालच्या घडीवर येते. आणि एक गोष्ट कोणीच करत नाही ती करा: एलएनबीपासून केबल थेट घरात न नेता आधी एक झोळ खाली सोडा, मग वर न्या. पाणी केबलवरून वाहत येतं आणि झोळाच्या सर्वांत खालच्या टोकावरून टपकून जातं. घरात शिरतानाही तसंच, भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा.

केबलबद्दल एवढंच की आरजी-६ घ्या, काळ्या आवरणाची घ्या. पांढरी केबल उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकते, काळी टिकते. मधे जोड देऊ नका.

आता जागा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून जीसॅट-१५ साधारण १३० अंशांवर दिसतो, म्हणजे आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे कलून. आणि क्षितिजापासून वर सुमारे ६० अंशांवर. साताऱ्याला साडेएकोणसाठ, सांगलीला साडेसाठ, एवढाच फरक. होकायंत्र मोबाईलमधलं चालेल. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. पण पाईप, पत्रा, गाडी यांच्यापासून पाच-सहा फूट लांब उभं राहून बघा, लोखंड जवळ असलं की सुई फसवते.

साठ अंश ही फार मोठी सोय आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. इतक्या वर बघायचं म्हटल्यावर समोरचं झाड फारसं आड येत नाही. आंबा डिशपेक्षा दहा फूट उंच असेल तर तो सहा फूट लांब असला की पुरे. फांद्या हलतात, पावसात ओझ्याने वाकतात, दरवर्षी वाढतात, म्हणून मी आठ-नऊ फूट धरतो. डिश बघून मात्र वाटतं की ती समोरच्या झाडाच्या बुंध्याकडेच बघते आहे. तसं नसतं. या डिशा मुद्दाम कलत्या बनवलेल्या असतात. तिचं तोंड जितकं वर दिसतं त्याहून साधारण वीस-पंचवीस अंश वर तिची नजर असते. एकदा मायणीकडे एका काकांनी मी पोचायच्या आधीच शेवग्याचं बहरलेलं झाड तोडून ठेवलं होतं. गरज नव्हती. ते झाड नजरेच्या बरंच खाली होतं. तेव्हापासून मी फोनवरच सांगतो, मी येईपर्यंत कोयता लावू नका.

जागा मोकळी आहे की नाही हे तपासायची एक खात्रीची रीत सांगतो, यंत्राशिवाय. मार्चच्या १२-१३ तारखेला सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, आणि ऑक्टोबरच्या १ तारखेच्या आसपास अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना, सूर्य आपल्याकडून पाहिलं तर बरोबर त्या उपग्रहाच्या मागे असतो. त्या वेळी जिथे डिश लावायची त्या जागी ऊन पडलेलं असेल तर उपग्रह दिसतो. सावली असेल तर ती कशाची पडली ते बघा, तीच तुमची अडचण. सूर्याकडे बघायचं नाही, जमिनीवरची सावली बघायची. त्याच दिवसांत त्या वेळेला काही मिनिटं चित्र जातं, कारण सूर्याचा गोंगाट थेट डिशमध्ये येतो. त्याला बिघाड समजून डिश हलवू नका. दरवर्षी मला या चार-पाच दिवसांत फोन येतात आणि निम्म्या लोकांनी तोवर नट सैल केलेले असतात.

तुमच्यासाठी भिंतींपैकी पूर्वेची किंवा दक्षिणेची. पूर्वेची मिळाली तर फारच चांगलं, कारण आपला मोसमी पाऊस आणि वारा नैर्ऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो आणि डिशला बघायचं आहे आग्नेयेला. पूर्वेच्या भिंतीवर डिश असली की अख्खं घर तिच्या पाठीशी उभं राहतं. पश्चिमेच्या अंगाला झड किती मारते हे तुम्हाला सांगायला नको. फक्त वळचण बघा. कौलं डिशच्या पुढे जितकी आलेली असतील त्याच्या किमान तिप्पट खाली डिश ठेवा, म्हणजे वळचण फूटभर पुढे आली असेल तर तीन फूट खाली. नाहीतर नजर कौलात अडते आणि पागोळ्या थेट एलएनबीवर पडतात.

भिंत कसली आहे ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. विटांची, सिमेंटमध्ये बांधलेली असेल तर अँकर बोल्ट विटेच्या मध्यभागी घ्या, सांध्यात नको. जांभ्याची असेल तर अँकर बोल्टवर विश्वास ठेवू नका. जांभा सच्छिद्र, बोल्ट फुगला की आतून भुगा होतो आणि पहिल्या पावसाळ्यात हाताने बोल्ट बाहेर येतो. तिथे आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी द्यायची. आणि माती-दगडाची जुनी भिंत असेल, पाटणकडे बहुतेक तीच असते, तर भिंतीला हात लावू नका. डिश अंगणात जमिनीवर उभी करा.

पत्र्यावर मी का नको म्हणतो ते माझ्याच एका कामावरून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत जावळी तालुक्यात एका आजींच्या घरी मी पत्र्यावर डिश बसवली. हुक-बोल्ट लाकडी वाशात, खाली रबरी वायसर, वर डांबर, सगळं नीट. आजींनी चहा दिला, मी गेलो. जुलैत त्यांचा नातू मला शोधत आला. डिश वाऱ्याने सारखी थोडी थोडी हलत राहिली होती, प्रत्येक हेलकाव्याने बोल्टाभोवतीचं भोक किंचित रुंद झालं होतं. शेंगदाण्याएवढं भोक. त्यातून आलेलं पाणी वाशावरून सरकत बरोबर माळ्यावरच्या भाताच्या कणगीवर पडत होतं. वरून काही दिसत नव्हतं, कारण थेंब कणगीतच जिरत होता. वास आल्यावर कळलं. वरचा हातभर भात काळा पडला होता. आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी डिश उतरवली, पत्रा बदलून दिला, आणि डिश अंगणात तुळशीपासून दहा फुटांवर पाईप रोवून लावली. ती त्यानंतर बारा वर्षं एकदाही हलवावी लागली नाही. त्या दिवसापासून पत्र्यावर आणि कौलांवर मी एकही डिश बसवलेली नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी.

जमिनीवरचं काम असं. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा. त्यात दीड इंची जीआय पाईप, सहा-सात फुटांचा, म्हणजे वर चार-पाच फूट राहील. पाईपच्या बुडाला आडवी एखादी सळी वेल्ड करून घ्या, नाहीतर पाईप काँक्रीटमध्ये गोल फिरतो. काँक्रीट भरलं की तो ठोकळा तीनशे किलोच्या आसपास होतो, वाऱ्याला तो दाद देत नाही. काँक्रीट ओलं असतानाच ओळंबा लावा, एका बाजूने नव्हे, दोन बाजूंनी, काटकोनात उभं राहून. पाणसळ असेल तर तीही चालेल. मग दगड लावून पाईप तसाच धरून ठेवा. सात दिवस पाणी मारा आणि पहिले तीन दिवस तरी डिश चढवू नका. गोठा जवळ असेल तर पाईपभोवती कुंपण हवं, म्हशीला अंग घासायला पाईपसारखी जागा नाही. वानरं येत असतील तर केबल उघडी ठेवू नका, पीव्हीसी पाईपमधून न्या.

ओळंब्यावर मी इतका जोर का देतो? पाईप सरळ नसेल तर पुढचं एकही माप खरं राहत नाही. डिशच्या मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात, त्या पाईप ओळंब्यात असेल तरच बरोबर. पाईप दोन अंश कलला असेल तर तुम्ही डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलत जाते, आणि मग माणूस दोन-दोन तास फिरवत बसतो. मी तासभर ओळंब्याला देतो आणि दहा मिनिटांत सिग्नल पकडतो. नवीन पोरं उलटं करतात.

पकडायची रीत सोपी आहे. खुणेवर ६० अंश लावा. उंचीचे नट घट्ट, पण फिरवण्याचे नट इतकेच सैल की डिश जोर लावल्यावर सरकेल. तोंड १३० अंशांवर आणा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० ठेवा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. वरची ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी बघू नका. ती केबल जोडली की भरलेली दिसते, डिश भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी. ‘क्वालिटी’ची पट्टी बघा, तीच खरी. डिश बोटभर सरकवा आणि तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाईने फिरवणारा माणूस उपग्रहावरून निघून जातो आणि त्याला कळतही नाही. साठ सेंटीमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की एक अंश झाला, आणि इथला एक अंश म्हणजे तिकडे सहाशे किलोमीटरहून जास्त. शेजारी ९५ अंशांवर दुसऱ्या सेवेचा उपग्रह आहे, दीडच अंश लांब. क्वालिटी आली पण वाहिन्या भलत्याच आल्या तर तुम्ही तिकडे गेलात, किंचित दक्षिणेकडे परत या.

क्वालिटी आली की थांबू नका. डिश डावीकडे सरकवत जा, पट्टी पडायला लागेल तिथे पाईपवर पेन्सिलने खूण करा. उजवीकडे तसंच. मग दोन खुणांच्या बरोबर मध्ये आणा. वर-खालीही तसंच करा. मग एलएनबी त्याच्या कड्यात थोडी इकडे-तिकडे गोल फिरवून बघा, त्यानेही पट्टी चढते. शेवटी नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा, एकच नट एकदम आवळला तर डिश वळते. आवळून झाल्यावर माझी एक परीक्षा: डिशची कड हलकेच एका बोटाने चारही बाजूंनी दाबून बघा. प्रत्येक दाबाला क्वालिटी कमी झाली तर डिश बरोबर मध्यावर आहे. एखाद्या बाजूला दाबल्यावर वाढली तर अजून तेवढं काम बाकी आहे. हे स्वच्छ दिवशी करा. स्वच्छ आकाशात जेमतेम येणारं चित्र तुमच्या जुलैत टिकणार नाही.

आणि तुमच्याकडचा पाऊस म्हणजे खेळ नव्हे. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. दहिवडीला साठ सेंटीमीटरची डिश भरपूर झाली. कोयनेच्या बाजूला, बामणोलीकडे, महाबळेश्वरात मी नव्वदची सुचवतो. तिचं क्षेत्रफळ साठच्या सव्वादोनपट, तितका सिग्नल जास्त गोळा होतो आणि पावसाने खाल्ला तरी उरतो. ढगफुटीसारख्या सरीत तीही जाईल, पण रिपरिपीत जाणार नाही. मात्र तिच्यावर वाऱ्याचा जोरही सव्वादोनपट, आणि तिची नजर साठपेक्षा अरुंद. म्हणजे आधार पक्का नसेल तर मोठी डिश घेऊन नुकसानच होतं. तासगाव, जत, कवठेमहांकाळ भागात उलटं आहे. तिथे पाऊस कमी, पण एप्रिल-मेच्या वळवाचा वारा उघड्या माळावर फार वाईट. तिथे डिश लहानच ठेवा आणि पाईप बुटका.

वळवावरून वीज आठवली. पाईप आणि डिश यांना अर्थिंग द्या. किमान ४ चौरस मिलिमीटरची हिरव्या आवरणाची तांब्याची वायर पाईपपासून घराच्या अर्थिंगपर्यंत नेऊन घट्ट जोडा. जोडाखालचा रंग आणि गंज आधी घासून काढा. यामुळे आजूबाजूला कडाडणाऱ्या विजेचा साठा जमिनीत जातो. थेट पडलेल्या विजेला मात्र ही वायर पुरी पडत नाही. म्हणून गडगडाट सुरू व्हायच्या आधीच बॉक्सचा प्लग काढा आणि केबलही बॉक्समधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, वीज केबलमधून येते. कडाडायला लागल्यावर हात लावू नका, ढग दिसले की आधीच काढा.

आता तो जुना पाईप. तो घरातलं सर्वांत उंच लोखंड आहे आणि त्याला अर्थिंग नसणार. म्हणून तो उतरवाच, पण पावसाळ्यात नाही. ओल्या कौलांवर आणि शेवाळलेल्या पत्र्यावर कोणीही चढू नये, मी स्वतः चढत नाही. दिवाळीनंतर कोरड्या दिवशी, किमान तिघं मिळून. आधी बघा, पाईप कुठल्याही बाजूला पडला तर त्याच्या टप्प्यात वीजवाहिनीची तार येते का. मी पाईपच्या लांबीच्या दीडपट अंतर मोकळं धरतो, म्हणजे तुमच्या बाबतीत तीस फूट. तार त्याच्या आत असेल तर वायरमनला सांगून लाईन बंद करून घेतल्याशिवाय क्लॅम्पला पाना लावू नका. ‘आम्ही धरतो, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. वीस फुटी पाईप एकदा कलला की तीन माणसांनाही आवरत नाही. त्याला ताण-तारा असतील तर त्या एकदम सोडू नका. वरच्या टोकाला दोर बांधून दोघांनी खालून धरा आणि मग क्लॅम्प सैल करा.

उतरल्यावर तो भंगारात देऊ नका. खालचा, क्लॅम्पजवळचा भाग गंजलेला असेल, तो कापून टाका. उरलेल्या लांबीवर हातोडीने हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे पाईप जाड आणि चांगला असतो, बद्द आवाज येतो तिथे आतून गंजलेला. जुने जीआय पाईप जाड असायचे. तुमचा दीड इंची असेल आणि डिशचा क्लॅम्प त्यावर बसत असेल, तर त्यातला सात फुटांचा चांगला तुकडा कापून घ्या, बुडाला सळी वेल्ड करा आणि अंगणातल्या खड्ड्यात तोच उभा करा.